नव्वदच्या आत

कॉम्प्युटरच्या लहान डब्यात मोठा प्रोसेसर बसवू नका, असं मला दुकानदाराने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आमच्या समोरच्या खोलीत एक दिवाण, एक कपाट, आईची शिलाई मशीन आणि खिडकीजवळ माझं टेबल, एवढंच मावतं. त्यात गुडघ्याएवढा कॉम्प्युटर आणला असता तर कोणाला तरी अंगणात झोपायला जावं लागलं असतं. म्हणून मी गेमिंगवाल्यांसाठी मिळतो तो छोटा जाळीचा डबा मागवला आणि त्यात सगळं कोंबलं. उभा ठेवला की तो पाण्याच्या मोठ्या बाटलीपेक्षा थोडाच उंच दिसतो. आई त्याला अजूनही रेडिओ म्हणते.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. वाशीमचे, रिसोडचे, मंगरूळचे फोटोग्राफर मला शूटिंग आणून देतात आणि मी हळदीपासून बिदाईपर्यंतचं सगळं कापून, जोडून, गाणी घालून परत करते. या कामाला जलद मशीन लागते, असं मी घरी सांगितलं होतं. ते खरंच होतं. मला गेम खेळायला आवडतात हेही खरं होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

छोट्या डब्याचा त्रास मला पहिल्याच उन्हाळ्यात कळला. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो, ही साधी गोष्ट. पण ती समजायला मला वाशीमचा मे महिना लागला. खोलीच चाळिशीच्या पुढे असेल तर डबा तीच गरम हवा आत घेणार आणि आणखी गरम करून खोलीत सोडणार. प्रोसेसर नव्वदच्या वर गेला की जीव वाचवायला आपला वेग कमी करतो, आणि वधूचा गृहप्रवेश उंबरठ्यावरच अडकून बसतो. आईने सुचवलं, कूलर त्याच्याकडे तोंड करून लाव. मी लावला नाही. कूलरची ओली हवा माणसाला बरी, मशीनला नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो मला सर्किटवर नको होता. आई म्हणाली, "मंग मर गरमीत." हे मला की कॉम्प्युटरला, ते तिने सांगितलं नाही.

मग मी बसून एकेक गोष्ट केली. प्रोसेसरला मिळणारी वीज थोडी कमी केली. वेग किंचित घटला आणि तापमान मात्र चांगलंच उतरलं. थोडं कमी काम केलं की डोकं बरंच शांत राहतं, हे माणसांनाही लागू पडत असेल, पण लग्नसराईत ते करून बघायची सोय नाही. पंखे कधी जोरात फिरायचे ते ठरवून दिलं. जाळीवर चुंबकाने चिकटणारा धुळीचा पातळ पडदा बसवला, कारण सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्याकडे हवेतही भुसा असतो. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवला. नव्वदपर्यंत हिरवा, नव्वदच्या वर लाल.

तो आकडा मी माझ्यासाठी लावला होता. पुढे तो बाबांचा झाला.

बाबा ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लाल बस चालवली. रिसोड, रिठद, मंगरूळ, आणि रात्री गावातच थांबून सकाळी परत येणारी आसेगावची मुक्कामी गाडी. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना एका सकाळी डेपोतून रिकामी गाडी बाहेर काढताना त्यांना फिट आली. गाडी कुंपणाच्या भिंतीला घासत जाऊन थांबली. कोणालाही काही लागलं नाही. बाबांना आठवत होतं ते एवढंच, की त्यांनी गाडी सुरू केली. आणि त्यानंतर दवाखान्यातलं बाकडं. "मंधातलं कोनी कापून नेलं," असं ते म्हणाले. माझं कामच कापायचं असल्यामुळे मला ते इतरांपेक्षा लवकर समजलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. बस बंद, आणि मोटारसायकलही बंद. पहिले काही महिने बाथरूमची कडीसुद्धा लावायची नाही, आत काही झालं तर दार तोडत बसावं लागेल म्हणून. बाबांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. दिवाणावर आडवे झाले ते झालेच. रस्त्यावरून बस गेली की ड्रायव्हरने गिअर उशिरा टाकला की लवकर एवढं सांगायचे आणि भिंतीकडे कूस वळवायचे. चिडणारा माणूस घरात असला की निदान भांडता येतं. मला भांडायला आवडतं. पण पाठीशी कोण भांडणार?

बस चालवायचा गेम मी त्यांच्यासाठी घेतला तो वैतागून. आधी डॉक्टरांना फोन करून विचारलं, कारण झगमगत्या स्क्रीनचा काही जणांना त्रास होतो असं मी वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, तपासणीत तुमच्या वडिलांचं तसं काही दिसलेलं नाही. दिवसा, दिवा लावून, डोळ्यांवर झोप नसताना बसू द्या. आणि पुढे म्हणाले, परत झटका आला तर मात्र हेही बंद. फोन स्पीकरवर होता. बाबांनी दिवाणावरूनच मान हलवली. मला वाटलं होतं, ते "पोरासोरांचे धंदे" म्हणून उडवून लावतील. उलट ते उठून बसले आणि विचारलं, "स्टेअरिंग कितीचं असते?"

स्टेअरिंग आणि पायडल मला एका फोटोग्राफरच्या भाच्याकडे जुनं मिळालं. पायडल फरशीवरून सरकायचे, म्हणून बाबांनी ते एका फळीला स्क्रूने ठोकून घेतले. पहिल्या दिवशी ते बसण्याआधी टेबलाच्या भोवती जितकं फिरता येत होतं तितकं फिरले आणि डब्याच्या चारी बाजू वाकून पाहिल्या. गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हर असंच पाहतात. नंतर दीड तास ते गाडी चालवत राहिले. उठले तेव्हा त्यांची बनियन घामाने भिजली होती आणि त्यांनी आईला चहा मागितला. स्वतःहून, कित्येक महिन्यांनी. आई आत जाऊन जरा वेळ गॅससमोर नुसतीच उभी राहिली. मला काय झालं ते सांगते: मला एवढा आनंद झाला की मी त्या फोटोग्राफरचं राहिलेलं काम दुसऱ्याच दिवशी करून दिलं, आणि हे माझ्या बाबतीत कधी होत नाही.

मग चाचा यायला लागले. चाचा म्हणजे बाबांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. निवृत्त झाल्यापासून ते बसस्टँडजवळ भावाच्या चपलांच्या दुकानात बसतात. दुपारची नमाज झाली की ते आमच्याकडे येत, बाबांच्या डावीकडे स्टूल ओढून बसत आणि तोंडाने दोनदा "टिंग टिंग" करत. तेव्हाच गाडी हलायची. त्याआधी बाबा हलवत नसत, मागे कितीही गाड्या उभ्या असल्या तरी. गेममधले रस्ते परदेशातले, गावांची नावं आम्हा तिघांनाही वाचता न येणारी. त्यांनी आपलीच नावं ठेवली. एका स्टॉपला ते रिठद म्हणत. त्या रिठदच्या मागे समुद्र होता. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

"उतरा बे लवकर," चाचा स्क्रीनवरच्या गोऱ्या म्हाताऱ्यांना सांगायचे, "पायदानावर उभं राहू नोका."

कोपऱ्यातल्या आकड्याबद्दल बाबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी सांगितलं, हा मशीन किती तापली त्याचा आकडा. नव्वदच्या आत असला की ठीक, लाल झाला की थांबा. त्यांना हे लगेच पटलं. बसलाही काटा असतो. त्यानंतर ते आकड्याला काटाच म्हणायला लागले. उन्हाळ्यात चढाला आकडा नव्वदच्या जवळ गेला की ते गाडी बाजूला घेत आणि आकडा उतरेपर्यंत थांबत. चाचा प्रवाशांना चहा पिऊन यायला सांगत. त्या परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाचे तीनतेरा वाजत आणि स्क्रीनवर दंडाच्या सूचना येत, त्या हे दोघे वाचतच नसत. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. माझ्या मशीनची माझ्याइतकी काळजी घेणारा घरात दुसरा माणूस नव्हता.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळी झाली, थंडी पडली. आमच्याकडे थंडी थोडे दिवस असते, पण असते तेव्हा बोटं वळत नाहीत. मी खूश होते. थंडीत कॉम्प्युटर आपोआपच थंड राहतो; पडदा साफ करायचीही फारशी गरज नाही. आणि नेमका तेव्हाच तो तापायला लागला.

माझा विश्वास बसेना. यंदाच्या मे महिन्यातही नव्वदला न गेलेली मशीन पौषात त्र्याण्णव दाखवते म्हणजे काय? व्हिडिओ तयार व्हायला दुप्पट वेळ लागायला लागला. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये मलमासारखी एक पेस्ट असते. ती वाळली की उष्णता वर जात नाही. मी डबा उघडला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. डावीकडचं पॅनेल काढून मशीन चालवून पाहिली: पासष्ट. वा! पॅनेल बसवलं: त्र्याण्णव. पुन्हा काढलं, पुन्हा पासष्ट. मी पॅनेलला हासडता येतील तेवढ्या शिव्या हासडल्या. शेवटी असा निष्कर्ष काढला की दुकानदाराचंच बरोबर होतं, डबाच लहान पडतोय. एवढे दिवस लहान पडत नव्हता तो आता कसा पडला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. माणसाला राग आला की पहिलं उत्तरच बरं वाटतं.

त्याच सुमारास बाबांनी गाडी चालवणं सोडलं.

आधी म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशीही आज नको. मग एका सकाळी मी उठून बघते तर टेबलाला लावलेलं स्टेअरिंग सोडवून, टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं. फळीवरचे पायडल तेवढे टेबलाखाली होते. मी विचारलं, "काहून काढलं?" तर म्हणाले, "कंटाळा आला." चाचा दुपारी आले तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते. चाचांनी थोडा वेळ स्टूलावर बसून चहा घेतला आणि ते गेले. बाबा झोपले नव्हते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी रागावले. एवढं करून दिलं, तरी भिंतीकडे तोंड. मी त्यांना दोन-तीनदा टोमणेही मारले. पण एका संध्याकाळी आई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हळूच म्हणाली, "तुह्या बाबाचं काही समजून नाही राह्यलं. आंघोळीले जाते त कडी नाही लावत आताशा."

माझा हात माऊसवरच थांबला. कडी न लावणं हे त्या पहिल्या महिन्यांतलं होतं. ते दिवस कधीच मागे पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी सरळ चपलांच्या दुकानात गेले. चाचांनी गिऱ्हाईक भावाकडे सोपवलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मी बाबांबद्दल विचारलं.

"बेटी, सांगतो, पण म्या सांगतलं म्हणू नोको," ते म्हणाले. "त्याले पुन्हा झालं."

"काय झालं?"

"तेच. एकटाच बसला होता, तुमी दोघीबी बाजारात होत्या. जेवण करून बसला, डोळे जड होते, काट्याकडे बी ध्यान नव्हतं. म्हनते, चढावर होतो, सामोर वळण होतं. अन् मंग एकदम ते तळ्याचं चित्र. मंधातलं काहीच नाही. जसं डेपोत झालं होतं तसंच."

तळ्याचं चित्र म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना पासवर्ड मागायच्या आधी दिसतं ते. निळं पाणी, मागे डोंगर.

"मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

"तू डॉक्टरले फोन लावशीन, डॉक्टर हे बी बंद करीन," चाचा म्हणाले. "तसं बंद त त्यानं सोताच केलं. मी म्हनलो, यार, खेळ हाय, कोन मरते त्याच्यात? तर म्हनते, आपला आपल्यावर भरोसा नसला त स्टेअरिंगवर बसू नाही. खेळातल्या बी नाही." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "लय सच्चा ड्रायव्हर हाय बेटी तो."

मी घरी आले ती घाबरून. भीती कशाची होती तेही सांगते. पुन्हा झटका येण्याची होतीच, पण त्याहून जास्त त्या पाठीची होती. भिंतीकडे वळलेली पाठ आता कशानेच परत वळणार नाही असं मला वाटत होतं. मी बाबांना काही बोलले नाही. अकोल्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आईला म्हटलं, नेहमीची तपासणी आहे.

दोनच दिवसांनी, दुपारी, एका लग्नाचा व्हिडिओ तयार करायला लावून मी समोर बसले होते. वरातीचा भाग चालू होता, त्यात धूर आणि दिवे असल्याने मशीनला तो सगळ्यात जड जातो. कोपऱ्यातला आकडा लाल होता. मी आता त्याच्याकडे बघणंच सोडलं होतं. बाबा मागे दिवाणावर होते, आई शेजारी गेली होती.

स्क्रीन काळी झाली. पंखे थांबले. लाइट गेली का म्हणून मी वर पाहिलं, तर ट्यूब चालूच. मग डब्यात टक् असा आवाज झाला, पंखे फिरले, आणि थोड्या वेळाने समोर निळं पाणी आणि मागे डोंगर.

मी त्या तळ्याकडे बघत राहिले. चढावर होतो, सामोर वळण होतं, आणि मग एकदम ते तळ्याचं चित्र. मशीन सहन होईना इतकी तापली की सगळंच बंद करते आणि पुन्हा उभी राहते. मधलं काही नाही, कारण मधे काही नसतंच. जेवून, डोळे जड झालेल्या माणसाने हे पाहिलं, ज्याच्या आयुष्यातला एक तुकडा एकदा असाच कापून नेलेला होता. त्याने मशीनवर संशय घेतलाच नाही.

पण मला कारण हवं होतं. नुसतं "मशीन बिघडली असेल" असं बाबांना सांगून भागणार नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला, डबा पुढे ओढला आणि या वेळी काहीही गृहीत न धरता बाहेरून बघायला लागले. डावीकडच्या जाळीवरचा धुळीचा पडदा मी सोलल्यासारखा काढला. त्याच्या आत, पडदा आणि जाळी यांच्यामध्ये, एक काळा पुठ्ठा होता. माझ्याच जुन्या अल्बमच्या पानांचा जाड काळा कागद, जाळीच्या मापाने नीट कापलेला, खाली पडू नये म्हणून कोपऱ्यांना खाचा दिलेला. पडदा काळा, पुठ्ठा काळा. प्रोसेसरला हवा मिळायची वाट पुरती बंद. मी पॅनेल काढायचे तेव्हा पुठ्ठाही पॅनेलबरोबर बाजूला निघायचा, म्हणून तर आकडा उतरायचा.

असं मापात बसवायचं काम घरात एकाच माणसाचं, ज्याने पायडल फळीला ठोकले होते त्याचं.

"बाबा," मी म्हटलं, "हे तुमी लावलं काय?"

ते वळले. पुठ्ठा पाहिला आणि उठून बसले. "हो. काहून? हिवाळा हाय ना."

"हिवाळ्याचा काय संबंध?"

"तुह्या मशीनचा काटा वरच नव्हता येऊन राह्यला. पस्तीस, चाळीस. चालवून बी पंचावन." मी लहान मुलगी असल्यासारखं ते समजावून सांगत होते. "थंड्या इंजनावर गाडी चढाले लावली त इंजन मरते. डेपोत थंडीच्या दिवसात आमी दरसाल टाको रेडिएटरच्या जाळीले पुठ्ठा. टाकला त बरोबर झाला काटा. ऐंशीवर. तूच सांगतलं होतं ना, नव्वदच्या आत?"

मी सांगितलं होतं. नव्वदच्या आत म्हणजे ठीक, एवढंच सांगितलं होतं. जितका खाली तितका बरा, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं, कारण ते न सांगता कळतं असं मला वाटत होतं. पण डिझेलच्या इंजिनाबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला ऐंशी म्हणजे निरोगी आणि पस्तीस म्हणजे आजारी. पुढे थंडी वाढली तशी आम्ही रात्रंदिवस खिडकी लावून घेतली. मग ऐंशीचे नव्वद झाले आणि त्यापुढेही गेले.

"इंजनाचं तसं असते," मी म्हटलं. "याले थंडी नाही वाजत बाबा. जितकं थंडं तितकं चांगलं."

"असं?" ते जरा ओशाळले. "खराब झालं काय मग?"

"नाही. पण लय तापलं की ते आपोआप बंद पडते. स्क्रीन काळी होते. मंग सोताच सुरू होते, अन् तळ्याचं चित्र येते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग पुठ्ठ्याकडे. मग टेबलावरच्या काळ्या स्क्रीनकडे.

"चाच्यानं सांगतलं तुले," ते म्हणाले.

"हो."

"कंडक्टरच्या पोटात काही राहत नाही." मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "तू मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यली."

"मी कधी कोणाले बरं वाटावं म्हणून बोलली काय?"

हे त्यांना पटण्यासारखं होतं, पण पुरेसं नव्हतं. ते म्हणाले, "दाखव मंग."

मी पुठ्ठा पुन्हा जाळीवर बसवला. वर पडदा लावला. त्या मशीनला एक-दोन अंशांनी खाली आणायला मी किती दुपारी घालवल्या होत्या, आणि आता ती मुद्दाम पेटवायला निघाले होते. बाबांनी कपाटावरून टॉवेलातलं स्टेअरिंग उतरवलं आणि टेबलाला आवळलं. मी ट्यूब चालू आहे ना ते पाहिलं, त्यांना तोंड धुऊन यायला लावलं आणि त्यांच्या उजवीकडे चिकटून बसले. तोल गेलाच तर ते माझ्या अंगावर यावेत अशी. आई शेजारून परत आली होती. काय चाललंय ते तिला सांगितलं तेव्हा तिने शिलाई मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं आणि ती दाराशी उभी राहिली.

चाचा नव्हते, म्हणून मीच तोंडाने दोनदा घंटी दिली. गाडी निघाली.

स्टँड सोडला, नदीवरचा पूल गेला. आकडा सत्तर, ऐंशी. बाबांचे हात स्टेअरिंगवर जसे असायचे तसेच होते, पण कानशिलावर घाम होता. चढ लागला. एक्याण्णव. आकडा लाल झाला आणि त्यांचा हात सवयीने गाडी बाजूला घ्यायला वळला.

"थांबू नका," मी म्हटलं.

"काटा लाल झाला."

"होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी पुढे नेली. पंखे ओरडत होते. पंच्याण्णव. प्रोसेसर जीव वाचवायला मंद झाला, गाडी अडखळायला लागली, तरी आकडा उतरेना. समोर वळण आलं.

स्क्रीन काळी झाली.

खोली एकदम शांत झाली. मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहत होते. डोळे उघडे होते. ते समोर बघत होते.

"बाबा?"

उत्तर नाही. आईने दार सोडलं आणि ती आत आली. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार तेवढ्यात ते म्हणाले, "थांब." मग वाकून टेबलाखाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"माहा पाय पाह्य," ते म्हणाले.

मी वाकले. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. इतक्या जोरात दाबलेला, की स्क्रूने ठोकलेली ती फळी सरकून भिंतीला जाऊन टेकली होती.

"अंधार झाला अन् म्या ब्रेक मारला," बाबा म्हणाले. "मी होतो. पुरा वेळ मी अठीच होतो."

तळ्याचं चित्र आलं तरी त्यांनी पाय उचलला नाही.